लाल ठिपके

१

बुधवार आला की फ्रेमवाला दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचा आणि डावा हात घेऊन दवाखान्यात जायचा. "जा, हात दाखवून आण," असं त्याची ताई म्हणायची, जणू हात म्हणजे दुरुस्तीला टाकलेला मिक्सर. तिचं बोलणंच तसलं. भाऊ बावन्न वर्षांचा झाला तरी तिच्या लेखी तो अजून छोट्याच होता, आणि दोघांच्या घरात तिसरं माणूस नसल्यामुळे छोट्याची बाजू घ्यायलाही कुणी नव्हतं.

दवाखान्यात फिजिओबाई त्याचा हात टेबलावर उताणा ठेवायच्या आणि आपल्या मधल्या बोटाने त्यावर हलके ठोके मारत वर सरकायच्या. आधी बोटांची टोकं, मग तळवा, मग मनगट. दोन ठोके मारायच्या, थांबायच्या, त्याच्या तोंडाकडे बघायच्या, पुढे सरकायच्या. मनगटाच्या बऱ्याच वर एका जागी ठोका पडला की बधिर पंजात मुंग्या चमकून जायच्या आणि तो "इथे!" म्हणायचा. बाई तिथे निळ्या पेनाने ठिपका द्यायच्या. नवी नस कुठवर आली ते असं कळतं. दर बुधवारचा ठिपका आधीच्या ठिपक्याच्या जरासा खाली पडायचा.

झालं होतं ते असं. दुकानात उभी ठेवलेली मोठी काच कलंडली, आणि तीस वर्षांत जी चूक त्याने एकदाही केली नव्हती ती त्या दिवशी केली. पडणारी काच पडू द्यायची असते, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. हा धरायला गेला. काचेने मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हात उघडला. डॉक्टरांनी नसा शिवल्या, पण पंजा लाकडासारखा झाला.

"शिवलं म्हणजे जोडलं असं नाही, काका," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "शिवणीच्या खालची नस मरते, पार बोटांच्या टोकापर्यंत. तिच्या आतलं सगळं विरघळतं, शरीर ते साफ करून टाकतं. उरते ती नुसती नळी. मग वरच्या जिवंत टोकाला कोंब फुटतात आणि त्या नळीतून खाली येतात. रोज एक मिलिमीटर."

"म्हणजे तोवर नळी रिकामीच?"

"रिकामीच."

"जागा फार दिवस रिकामी ठेवली की कुणीतरी येऊन बसतं हो बाई," तो म्हणाला. बाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? बाई खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "एक मात्र लक्षात ठेवा. बधिर हात डोळ्यांआड ठेवायचा नाही. भाजलं, कापलं, तरी तुम्हाला कळणार नाही."

२

दीड महिन्याने बाईंनी आरशाचा व्यायाम दिला. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, बधिर हात त्याच्या मागे, चांगला हात पुढे. चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं. मेंदूला वाटतं डावाच हलतोय, आणि तो त्या हाताला विसरत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास.

दवाखान्यातला आरसा दोन पुठ्ठ्यांवर कसाबसा टेकवलेला होता. फ्रेमवाल्याला ते बघवलं नाही. "असलं काम मी माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देणार नाही," म्हणाला आणि एका हाताने, ताईला पट्ट्या धरायला लावून, स्वतःची पेटी बनवली. एका अंगाला आरसा, बाकी तिन्ही बाजूंना आणि वर हार्डबोर्ड. कोपऱ्यांत बारीक खिळे, सांध्यांवर खाकी कागदाची पट्टी. पाठ उघडी ठेवणं त्याच्या धंद्यात बसतच नव्हतं. पाठ उघडी राहिली की धूळ जाते, किडे जातात. हात घालायला तेवढं एक गोल भोक, आणि आत तळाला फोटोभोवतीच्या माउंटची उरलेली काळी मखमल.

"शवपेटीच केलीस की रे हाताची," ताई म्हणाली.

"तोंड सांभाळ," तो म्हणाला, पण मनातून खूश होता. काम फक्कड जमलं होतं.

बाईंनी पेटीचा फोटो बघितला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काका, मागून बंद कशाला केलीत? हात दिसायला हवा."

"आरशात दिसतो की!"

आरशात दिसत होता तो उजवा. पण हे कुणी बोललं नाही.

३

पेटीचे वीस-बावीस दिवस झाले असतील. एका सकाळी त्याने व्यायाम संपवून हात बाहेर काढला तर बोटांची टोकं ओलसर होती.

आता यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. बंद पेटी, मखमल, उकाडा. त्यालाही तसंच वाटलं. पण नसा तुटल्यापासून ती बोटं कोरडी ठाक होती, कागदासारखी. बाईंनीच दाखवलं होतं की नस मेली की कातडीला घामसुद्धा येत नाही. त्याने बोटं गालाला लावून बघितली. गालाला ती गरम लागली. आणि फक्त टोकंच ओली होती, आतल्या बाजूने, जणू कुणाच्या घामट हातात बराच वेळ धरलेली असावीत.

"ताई, तू माझ्या पेटीत काही ठेवलं होतंस का? ओला फडका वगैरे?"

"मी कशाला तुझ्या त्या पेटीला हात लावू? मला नाही आवडत ती."

"का?"

"नाही आवडत म्हणजे नाही आवडत. सगळ्याला कारण लागतं का तुला?"

त्याने विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती फडकं गुंडाळून हात आत घातला. टोकं पुन्हा ओली निघाली.

पुढच्या बुधवारी बाई नेहमीप्रमाणे टोकांपासून ठोके मारत निघाल्या. पहिलाच ठोका मधल्या बोटाच्या टोकावर पडला आणि बोट दचकलं.

बाईंचा हात हवेतच थांबला. "कळलं तुम्हाला?"

"काहीच नाही."

त्यांनी पुन्हा ठोका मारला. बोट झटक्याने मागे झालं, गरम तव्याला लागल्यावर होतं तसं. फ्रेमवाल्याला खरंच काही कळलं नव्हतं. तो नुसता बघत होता, दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसा.

"स्नायू फडफडतात कधीकधी," बाई म्हणाल्या. "नस सुटलेला स्नायू आपोआप हलतो."

"पण इथेच ठोकल्यावर?"

"तुमच्या मेंदूपासून त्या बोटापर्यंत आत्ता काहीच नाही, काका. कुणाला कळणार आहे तिथे?" बाई बोलून गेल्या आणि मग पेनाचं टोपण शोधायला लागल्या.

४

फ्रेमवाला मापाचा माणूस. मनात शंका आली की तो पट्टी काढायचा. त्याने दुकानात रोज दुपारी स्वतःच ठोके मारायला सुरुवात केली, आणि जिथे बोट दचकेल तिथे काचेवर खुणा करायच्या लाल पेन्सिलीने ठिपका द्यायला लागला. बाईंचे निळे, याचे लाल.

पहिल्या आठवड्यात लाल ठिपके बोटाच्या टोकावर होते. दुसऱ्या आठवड्यात पेराच्या रेघेपाशी. मग बोटाच्या मुळाशी. निळे वरून खाली येत होते, रोज एक मिलिमीटर, अगदी बाईंनी सांगितल्यासारखे. लाल खालून वर जात होते, रोज दोन.

त्याने स्वतःला सतरा प्रकारे समजावलं. पेन्सिल बोथट आहे. आपण वेड्यासारखं ठोकून ठोकून स्नायूच चाळवतोय. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका हाताने दुकान चालवायचं म्हणजे डोक्यावर ताण येणारच. उजव्या हाताच्या बोटांतही हल्ली मुंग्या येत होत्या, परवा तर खिळा कधी हातातून पडला ते कळलंसुद्धा नाही. एकट्या हातावर सगळा भार, दुसरं काय! समजावणं दुपारपर्यंत टिकायचं. दुपारी पट्टी लावली की पुन्हा दोन मिलिमीटर.

एकदा सरसाची गरम किटली टेबलावर होती. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, पाठ वळलेली. मागून ताई ओरडली, "अगं बाई! छोट्या, हात!" त्याने वळून बघितलं. डावा पंजा किटलीपाशी होता. पण किटलीला लागलेला नव्हता. लागता लागता तो स्वतःच बाजूला झाला होता आणि बोटं तळव्यात दुमडून बसला होता.

"आपण होऊन मागे घेतलास तू!" ताईचे डोळे भरून आले. "अरे, बरा होतोय हात. मी म्हणत नव्हते?"

रागीट बाई ती, बोलून बोलून जीव नकोसा करणारी. पण अपघातापासून तिने एकही दिवस धड जेवण केलं नव्हतं. दुकान गेलं तर हा माणूस उभा राहणार नाही, हे तिला ठाऊक होतं. चौकटीला पट्टी धरायला डावा हात लागतो. डावा नाही तर फ्रेम नाही, आणि फ्रेम नाही तर छोट्या म्हणजे घरातली एक खुर्ची. तिला एवढी खूश बघून त्याने सांगायला उघडलेलं तोंड मिटलं. त्याने हात मागे घेतला नव्हता. त्याला किटली दिसलीसुद्धा नव्हती.

५

लाल ठिपके तळव्याच्या मध्यावर आले तेव्हा त्याने पेटी फोडायचं ठरवलं.

रविवारची सकाळ होती, रस्त्यावर उन्हं आली होती, शेजारच्या दुकानात रेडिओ चालू होता. घाबरण्यासारखं त्यात काही म्हणता काही नव्हतं. तरी आधी त्याने पेटीची पाठ निरखली. खाकी पट्टी चारही बाजूंनी अखंड होती, त्याने लावली होती तशी, अंगठ्याच्या सरसाच्या ठशासकट. खिळे जागच्या जागी. या बाजूने मुंगीसुद्धा आत गेली नसती. ते बघून त्याला बरं वाटलं, आणि त्याने पकडीने खिळे उपटून पाठ काढली.

आत काही नव्हतं. रिकामी पेटी, काळी मखमल. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "वेडा रे वेडा!"

मग खिडकीतलं ऊन मखमलीवर तिरकं पडलं.

रोज एकाच जागी हात ठेवून मखमलीची लव दबली होती. भोकापासून मध्यापर्यंत त्याच्या हाताचा लांबोडा चकाकता पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या टोकाला पाच बोटांच्या खुणा. तिथेच तो संपायला हवा होता. पण समोरच्या बाजूने, जिथे भोक नव्हतं, नुसता खिळे मारलेला बोर्ड होता, तिथून दुसरा पट्टा निघाला होता. तसाच लांबोडा, जरासा अरुंद. तो मध्यापर्यंत आला होता. दोन्ही पट्ट्यांची बोटं एकमेकांत मिसळली होती.

आपलाच हात आत सरकत असेल, वळत असेल, बधिर हाताचं काय सांगावं, असं तो पुटपुटत राहिला. त्याने हात त्या दुसऱ्या पट्ट्यावर ठेवून बघायचा प्रयत्न केला. भोकातून तिथवर तो पोचतच नव्हता.

दिवसाला एक तास. तीन महिने. आणि हाताला काही कळायची सोय नव्हती.

पेटीचे तुकडे करून त्याने ते जाळून टाकले. आरसा फोडायचा धीर झाला नाही. तो पालथा करून रॅकमध्ये सारला. ताईला सांगितलं, व्यायाम संपला. ती म्हणाली, "बरं झालं बाई, सुंठेवाचून गेली ती पेटी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ठोके मारले. लाल ठिपका दोन मिलिमीटर वर होता.

६

"पुन्हा कापली तर?" त्याने बुधवारी विचारलं.

"काय पुन्हा कापली तर?" बाईंना कळेना.

"नस. मनगटापाशी. समजा कापली, तर खालून येणारं थांबेल?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलल्या. "काका, खालून काही येत नाही. नस वरूनच येते. तुमची नस मनगटाच्या जवळ आलीये, अगदी वेळेवर. या टप्प्यावर पुन्हा कापली तर हात कायमचा गेला. परत शिवून उपयोग नाही. कळतंय का? ताईंना घेऊन या पुढच्या वेळी."

"मला एकच सांगा. दोन्ही बाजूंनी आले, तर वाट कुणाची?"

"कोण दोन्ही बाजूंनी?"

त्याने लाल ठिपके दाखवले नाहीत. बाहीखाली झाकले होते. पण दवाखान्यातून येताना तो रस्ताभर हिशेब करत होता. घड्याळाचा पट्टा बसतो तिथे, मनगटाच्या घडीवर, निळे आणि लाल भेटणार. त्यापुढे वाट संपत नव्हती. त्यापुढे कोपर होतं, खांदा होता, मान होती. आणि तिथली नळी रिकामी नव्हती, तिथे तो स्वतः होता.

शनिवारी दुपारी मधलं अंतर सहा मिलिमीटर राहिलं. म्हणजे सोमवार.

त्याने खूप विचार केला. दुकानाकडे बघितलं, भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटींकडे बघितलं. हात गेला तर हे सगळं जाईल, आणि ताई तोंडाने शिव्या घालत मरेपर्यंत त्याला भरवेल. तेही चालेल, त्याला वाटलं. निदान ती ज्याला भरवेल तो मी तरी असेन.

७

सोमवारी सकाळी त्याने काच कापली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी. काच कापायचा हिरा ओढताना उजवा हात जरा भरकटला, रेघ वाकडी आली, पण आज सुबक काम करायचं नव्हतं. पाण्याने भरलेला टब, जाड टॉवेल, दवाखान्याचा नंबर लावून ठेवलेला फोन, सगळं टेबलावर मांडलं. ताई डबा घेऊन यायला दहा मिनिटं होती. ती आल्या आल्या फोन करेल, गाडी येईल. माणूस मरत नाही एवढ्याने. एकदा कापलंच होतं की.

डावा हात टेबलावर उताणा ठेवला. तो लाकडासारखा पडून होता. निळा ठिपका आणि लाल ठिपका यांच्यामध्ये कागदाच्या जाडीची फट होती. त्याने डोळे मिटले नाहीत. उजव्या हाताने काच खाली आणली.

डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं.

झटापट नाही, घाई नाही. पाच महिने न मिटलेली बोटं सावकाश मिटली आणि पोलादासारखी घट्ट बसली. उजवा हात ढिला पडला. डाव्याने काच काढून घेतली. फ्रेमवाला काच नेहमी कडेने धरायचा, अंगठा वर. तीस वर्षांची सवय होती ती. या हाताने ती सपाट तळव्यावर घेतली. बोटं तिच्यावरून हळूहळू फिरली, कधी न बघितलेली वस्तू अंधारात चाचपावी तशी. धारेपाशी थांबली. मग काच टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवून दिली, त्याच्या उजव्या हाताला पोचणार नाही अशी.

त्याला यातलं काहीही जाणवलं नाही. ना काचेचा गारवा, ना पकड. तो फक्त बघत होता, आणि त्याच्या घशातून आवाज फुटत नव्हता.

"छोट्या!" दारात ताई उभी होती. डबा तिच्या हातून निसटून खाली आदळला. "अरे, हात हलला! मी बघितलं! उचललंस तू ते, बोटांनी उचललंस!" ती धावत आली, त्याचं डोकं पोटाशी धरलं, हुंदके देत हसली. "कसा बघतोय बघा खुळ्यासारखा! बाईंना सांगते, थांब, बाईंना सांगते." टेबलावरचा फोन तिने उचलला, त्यावर नंबर तयारच होता. टब, टॉवेल, काच, तिला यातलं काहीच दिसलं नाही. "हॅलो? बाई? अहो, हात आला! काय? शक्य नाही कसं, माझ्या डोळ्यांनी बघितलं! थांबा, ऐकू येत नाही, बाहेर येते..."

ती फोन कानाला लावून फुटपाथवर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती, आनंदाने हलणारी. त्याला तिला हाक मारायची होती. "ताई" एवढा एकच शब्द.

टेबलावर त्याचा उजवा हात पडला होता तसाच होता. डावा त्याच्याजवळ आला. त्याने तो अलगद उताणा केला, बाई करायच्या तसा. मग मधलं बोट वाकवून त्याने उजव्या हाताच्या टोकांवर ठोके मारायला सुरुवात केली.

टोकं. पेरं. दोन ठोके मारून तो थांबायचा, वाट बघायचा आणि पुढे सरकायचा. तळवा झाला. मनगट झालं. हा हात कधी कापला नव्हता, फ्रेमवाला मनात घोकत होता, या हाताच्या नसा शाबूत आहेत, इथे वाट रिकामी नव्हतीच कधी. हा नुसता आरशापुढे असायचा.

कोपराच्या जरा खाली एका जागी दोन ठोके पडले.

उजव्या हाताचं मधलं बोट दचकलं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

डाव्या हाताने चाचपडत टेबलावरची लाल पेन्सिल घेतली.